मुतखड्यानंतर मेडिकल परत मिळवताना

खडा पडला, पोट शांत झालं, आता मेडिकल बोर्ड उडायला फिट करेल, असं म्हणणारे पायलट मला इंदूरच्या प्रत्येक उन्हाळ्यात भेटतात. बोर्डाला मागच्या खड्याचं फारसं काही नसतं. पुढचा खडा उडताना मूत्रनलिकेत उतरला तर काय, हा त्यांचा प्रश्न. ती कळ आली की माणूस जमिनीवर लोळतो. रामबागेतल्या घरी मी लोळलोय, कॉकपिटमध्ये लोळायला जागा नसते.

टेंपररी अनफिटचं पत्र, पीएमआर नंबर (तुमच्या मेडिकल रेकॉर्डचा क्रमांक) आणि डिस्चार्ज समरी एका फायलीत लावा. पडलेला खडा हाती लागला असेल तर तो कशाचा आहे हे तपासून घ्या.

सोनोग्राफीवर भागवू नका, बारीक खडे तिला चुकतात. कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी केयूबी करा, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन, रंगद्रव्य न टोचता.

आता चोवीस तासांच्या लघवीची तपासणी. ऐकायला सोपं वाटतं, आणि मी याच्यावरच अडकलो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा. मी त्या रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, डबा घरी. दोनदा बाहेर गेलो ते गेलंच. लॅबने मुकाट्याने रिपोर्ट दिला. बोर्डाच्या डॉक्टरांनी मात्र क्रिएटिनिन (स्नायूंचा टाकाऊ पदार्थ, रोज साधारण तेवढाच लघवीतून जातो) बघितलं: धडधाकट तरुण पुरुषात ते दिवसाला किलोमागे साधारण 20 ते 25 मिलिग्रॅम निघतं. माझं वजन 74 किलो, आकडा हजाराच्या आसपास. "कॅप्टन, उरलेली कुठे गेली?" पुन्हा नमुना, पुन्हा तारीख.

म्हणून सुट्टीचा दिवस धरा, घराबाहेर पडू नका. कळ ओसरल्यावर दीड-दोन महिने जाऊ द्या. नेहमीसारखंच खा-प्या, त्या दिवसापुरतं पाच लिटर पाणी ढोसून कोणाला फसवताय? कॅल्शियम आणि ऑक्झलेट (बहुतेक खडे यांचेच बनतात) मोजायच्या डब्यात बहुधा अ‍ॅसिड असतं, त्यात थेट करू नका, मगमधून ओता. यूरिक अ‍ॅसिडसाठी बिनअ‍ॅसिडचा डबा लागतो, लॅबला आधीच विचारा. जमलं तर दोन दिवसांचे दोन नमुने द्या.

दूध बंद करा, हा शेजारच्या काकूंचा सल्ला सोडून द्या. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. कमी करायचं ते मीठ, म्हणजे पोह्यांवरची मूठभर शेव. ही मला दूध सोडण्यापेक्षा जड गेली. पाणी इतकं प्या की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी. सीटवरून उठायला नको म्हणून कोरडं राहायची आपली जुनी खोड इथेच नडते.

मग दिल्ली किंवा बंगळुरूच्या बोर्डिंग सेंटरची, म्हणजे बोर्ड तपासतं त्या केंद्राची, तारीख घ्या. तिथले डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले तरी डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) फिटचं असेसमेंट हातात पडेपर्यंत रोस्टरला हो म्हणू नका.