जीपीयू ड्रायव्हर शिकताय? आधी डेव्हएम कुठे वापरू नये ते बघा

लिनक्सच्या डीआरएममध्ये (कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हरचा भाग) नवीन असाल तर केरेफ, गेट-पुट (ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय ते मोजणं, गेटने रेफरन्स वाढतो, पुटने सुटतो) हे माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. खरी गोची डेव्हएम_केझेडअलॉकची आहे, म्हणजे डिव्हाइसला बांधलेली मेमरी देणाऱ्या फंक्शनची. मेमरी आपोआप फ्री होते म्हणून सगळे तेच वापरतात, मीही तिथेच आपटले, आणि अजून असा पॅच दिसला की पोटात गोळा येतो.

होतं काय, डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर अनबाइंड झाला, म्हणजे डिव्हाइसपासून सुटला, की लगेच जाते. पण त्या क्षणी एखाद्या कंपोझिटरने (स्क्रीनवर विंडो एकत्र मांडणारा प्रोग्राम) डिव्हाइस फाइल उघडी धरलेली असेल तर डीआरएम डिव्हाइस जिवंतच असतं, कारण उघड्या फाइलचा रेफरन्स त्यावर आहे. म्हणजे डेव्हएमने घेतलेली कनेक्टर, एन्कोडर (डिस्प्लेच्या जोडणीचे ऑब्जेक्ट) यांची मेमरी गेली आणि त्यांच्या याद्या सांभाळणारा मालक अजून उभा आहे. नंतर कधीतरी फाइल बंद होते, क्लीनअप त्या याद्यांवरून फिरतं आणि यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे फ्री झालेल्या मेमरीला हात. क्रॅश भलत्याच जागी दिसतो म्हणून दिवस दिवस जातात. परत सांगते, यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) ज्याला धरून ठेवू शकतं ते डीआरएमएमवर (तशीच सोय, पण डीआरएम डिव्हाइसला बांधलेली) टाका, ते शेवटचा रेफरन्स सुटल्यावरच जातं. रजिस्टर मॅपिंग, क्लॉक, इंटरप्ट हे हार्डवेअरचं सामान, ते डेव्हएमवरच बरं.

मग फाइल उघडी असताना रजिस्टर गेलेलं असणार ना? हो, म्हणून हार्डवेअरला हात लावणारा कोड डीआरएम_डेव्ह_एंटर आणि एक्झिटच्या मध्ये ठेवायचा आणि रिमूव्हमध्ये (अनबाइंडला चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) अनप्लग कॉल करायचा, तो आत असलेल्यांची वाट बघतो. फक्त अनप्लगनंतर एंटर फेल होतं, त्यामुळे हार्डवेअर बंद करायचा कोड त्याच्या आत असेल तर साध्या अनबाइंडलाही तो चालतच नाही.

"जुन्या ड्रायव्हरमधून उचल" सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका, चूकही तिथूनच येते. आणि क्रॅश घालवायला जास्तीचा गेट मारणं म्हणजे नुसता लीक, रिव्ह्यूमध्ये मी तरी पास करणार नाही.

घाबरू नका पण, हे हार्डवेअरशिवायही शिकता येतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) चालू करून व्हीकेएमएसचा (हार्डवेअर न लागणारा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर) कोड वाचा, मोडून बघा. स्वतःचा ड्रायव्हर असेल तर डिस्प्ले चालू असतानाच सिसएफएसमधून (/sys खालच्या कर्नलच्या फाइली) अनबाइंड करा आणि अ‍ॅप नंतर बंद करा, उलट्या क्रमाने केलंत तर बग दिसणारच नाही.

जेम ऑब्जेक्टचं (जीपीयूचे मेमरी बफर) एवढंच, हँडल (यूजरस्पेसला दिलेला त्याचा नंबर) बनवून आपला रेफरन्स पुट केला की त्या पॉइंटरला परत शिवायचं नाही, साइझ वाचायलाही नाही, दुसरा थ्रेड हँडलचा नंबर अंदाजाने ओळखून ते आधीच बंद करू शकतो.