लेंटमध्ये नुसतं मटण सोडून भागत नाही भाऊ

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा आपला ख्रिस्ती उपवासाचा काळ, राखेच्या बुधवारी सुरू होतो. तो बुधवार जवळ आला की आपल्याकडं एकच प्रश्न, यंदा काय सोडायचं? अन् उत्तर पण ठरलेलं, मटण. आता ज्याच्या घरी महिन्यातून एकदा मटण शिजते त्यानं ते सोडून काय मोठं सोडलं? त्यात शुक्रवार पाळायचा अन् शनिवारी सावजी मटणावर ताव मारायचा, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी.

आधी दिवसांचा हिशेब. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून 40. या 40 दिवसांत वाचायला सोपा मेळ आहे, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे अध्याय 16 अन् लूकच्या शुभवर्तमानाचे 24, रविवार सोडून रोज एक वाचला की बरोबर शनिवारी संपते. लूकमधलं पुनरुत्थान एक दिवस आधी वाचल्या जाते, चालते तेवढं. वेळ ज्याची त्यानं बघावी, मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांची पहाट गेलीच समजा, त्यांनी रात्री जेवणानंतर वाचा, पण मोठ्यानं वाचा म्हणजे घरातले पोट्टे पण ऐकतात. बऱ्याच गावांत पाद्री किंवा फादर दर रविवारी येत नाहीत, बुधवारी कपाळाला राख लावायला तर सोडाच, तर घरीच सगळे बसून बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र 51 म्हणा, झाली सुरुवात.

उपवासाचं म्हणाल तर हे दिवस हरभरा-गहू काढायचे, ऊन चढत असते, अशात पाण्याविना वावरात राबून चक्कर येऊन पडले तर देवाला काही मिळत नाही. कॅथलिक नियम पण एवढे कडक नाहीत, पूर्ण उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार अन् गुड फ्रायडे, तोही 18 ते 59 वयाच्यांना, अन् त्यात एकदा पोटभर जेवण चालते. शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नये.

मग सोडायचं काय? माझं मत, खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून करतात तो. हसू नका. मटणाची आठवण आठवड्यातून एकदा येते, खर्र्याची दर तासाला येते, पानठेल्यावर घोटायचा आवाज आला की हात आपोआप खिशात जाते. त्या प्रत्येक वेळी एक छोटी प्रार्थना करायची, जमलं तर मनातल्या मनात एखाद्या माणसाचं नाव घेऊन, अन् तो पैसा घरच्या डब्यात टाकायचा. डबा महत्त्वाचा आहे बरं, नाहीतर खर्र्याचे वाचलेले पैसे रिचार्जमध्ये जातात. मधे एखाद्या दिवशी घसरलं तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू करा, "आता तुटलंच, जाऊ दे ईस्टरपर्यंत" असं करू नका. खर्रा खात नसाल तर रात्रीचे रील्स आहेतच.

अन् हे कोणाला दाखवायचं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात अध्याय 6 मध्ये येशूनं सांगितलंच आहे, उपास करता तेव्हा तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. होळीला शेजारची काकू पुरणपोळी घेऊन आली तर "माझा लेंट आहे" म्हणून परत पाठवू नका, गपचूप खा, तिचा मान राखा.

सगळ्यात अवघड काम धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं. आपल्या गावांत दोन भाऊ एकाच बाकावर बसून गीत गातात अन् बाहेर निघाले की हातभर धुऱ्यापायी बोलत नाहीत. मत्तय 5 म्हणते, अर्पण वेदीजवळच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. तर जा, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची वाट बघू नका. जाताना सातबारा नेऊ नका, सरपंचाला पण नेऊ नका. संध्याकाळी एकटे जा, चहा दिला तर प्या, अन् फक्त आपल्याकडून जे चुकलं तेवढंच बोला, "भाऊ, म्या त्या दिवशी तुले नाही नाही ते बोललो, चूक झाली". त्याचं काय चुकलं ते त्याच्यावर सोडा. धुरा त्या दिवशी मोजायला काढू नका, मोजणी नंतर करता येते. त्यानं दार नाही उघडलं तर काही दिवसांनी पुन्हा जा.

शेवटच्या शनिवारी रात्री डबा फोडा. जो काही पैसा निघेल तो ज्याच्या घरी दवाखाना सुरू आहे किंवा नापिकीनं चूल अडली आहे त्याच्या हातात रविवारच्या उपासनेआधी देऊन या, कोणत्याही धर्माचा असो, अन् फोटो काढून स्टेटसला टाकू नका.