घरच्या सजावटीत या चुका टाळा: नक्षीआधी जोड बघा

धनत्रयोदशीला दिमाखात टांगलेल्या कंदिलाचा कागद भाऊबीजेपर्यंत लोंबायला लागतो, हे सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत दिसतं. घरी केलेल्या वस्तू दिसायला बहुतेक छानच होतात, पण पुढे कुठेतरी सुटतात. कागद कामटीपासून, टेप भिंतीपासून, रंग पणतीपासून. नक्षीवर अख्खी दुपार घालवायची आणि बांधणं, चिकटवणं, वाळवणं शेवटच्या पाच मिनिटांत उरकायचं, ही आपली सवय. म्हणून इथे सगळं जोडांबद्दलच लिहितेय.

कंदील: सांगाडा आणि खळ

पारंपरिक कंदील म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेले सहा चौकोन. एक वर, एक खाली आणि मध्ये कोपऱ्यावर उभे केलेले चार. त्याला सारख्या लांबीच्या 24 कामट्या लागतात. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: कामट्या अंदाजाने कापल्या जातात. एखादी कामटी अर्धा सेंटिमीटर लांब राहिली तरी शेजारचा त्रिकोण तिरका बसतो, सांगाडा पिळतो आणि मग कागद कितीही नीट लावा, सुरकुती पडतेच. एक कामटी मापाने कापा आणि बाकी 23 तिच्याशीच लावून कापा. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत गेलात तर फरक वाढत जातो.

बांबूची साल गुळगुळीत असते, त्यामुळे नुसता दोरा आवळला तर गाठ सरकते. टोकापाशी ब्लेडने बारीक खाच पाडा, दोरा त्या खाचेत बसवून आवळा आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब सोडा. रात्रभर हात लावू नका. सकाळी सांगाडा हातात धरून हलवून बघा. कुरकुरला तर ती गाठ आत्ताच पुन्हा बांधायची, कागद लागल्यावर तिथे बोटं पोहोचत नाहीत.

कागद लावताना गोंद कागदाला फासू नका, कामटीला लावा. पतंगी कागद ओला झाला की फुगतो, त्याचा रंग पसरतो आणि फाटायलाही वेळ लागत नाही. या कामाला मला फेविकॉलपेक्षा मैद्याची खळच आवडते. एक वाटी मैदा पाच-सहा वाट्या पाण्यात आधी गार असतानाच गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. खळ वाळायला वेळ घेते, तेवढ्यात कागद सरकवून सरळ करता येतो. तो ताणून मात्र लावायचा नाही. ओलसर कागद वाळताना आपोआप आवळतो, आधीच ताणलेला असेल तर मधोमध तडकतो. सुरकुती पडलीच तर अख्खा कंदील सोलू नका. तेवढा चौकोन ब्लेडने कापून काढा आणि नवा लावा.

आत जुना पिवळा बल्ब नको, तो भयंकर तापतो. 5 वॅटचा एलईडी पुरतो. तोही कागदाला टेकू द्यायचा नाही, आणि वरचा-खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, म्हणजे ऊब बाहेर पडते. कंदील वायरवर टांगणं ही तर धोक्याची गोष्ट आहे. वाऱ्याने तो हलला की होल्डरमधली तार ओढली जाते. भार दोरीवर घ्या, वायर सैल सोडा.

जुन्या चादरीचं तोरण

सोलापुरी चादर विरली तरी तिची नक्षी टिकून असते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर जीर्ण झाल्यावर फरशी पुसायला जाते, याचं मला फार वाईट वाटतं. मोराची, फुलांची नक्षी कापून तोरण, भिंतीवरची पट्टी, टेबलावरचं आच्छादन, कितीतरी होतं.

पण कात्री आधी चालवली की घात झाला. चादरीचं सूत जाड आणि विण सुटी, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे दोन दिवसांत सुटत जातात आणि मोराची शेपटीच गायब होते. खडूने आकार आखा, त्या रेघेवर मशीनची बारीक टीप मारा आणि टिपेच्या बाहेरून कापा. मशीन नसेल तर फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशने रेघेवर फिरवा, कडकडीत वाळू द्या, मग कापा. त्याआधी चादर धुऊन घ्या, नवी असेल तर नक्कीच. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि गडद रंग पांढऱ्यावर उतरू शकतो.

तोरण मधे झोळ खात असेल तर पाठीमागे बक्रम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, लावा. ते कुठल्याही शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

भिंत आणि दार

चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर दुतर्फी टेप टिकत नाही. टेप चिकटते ती वरच्या भुकटीला, आणि तिच्यासकट खाली येते. दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणून त्यावर सजावट बांधा. गुढीपाडव्याला पश्चिमेच्या लोखंडी दारावर ग्लू गनने काही चिकटवू नका. आपल्या उन्हात पत्रा इतका तापतो की तो गोंद मऊ पडतो. तिथे लोहचुंबक किंवा दोराच बरा.

पुठ्ठ्याचं मखर

राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे गणपतीला बहुतेक जण खोक्याचा पुठ्ठा घेतात. त्याच्या आत पन्हळ, म्हणजे नागमोडी कागदाच्या रेघा असतात. खांब, कमान कापताना ती उभी आली पाहिजे. आडवी आली की वरच्या भाराने पुठ्ठा दुमडतो आणि मखर पुढे झुकतं. दुसरी तक्रार असते पुठ्ठा वाकण्याची. एकाच बाजूला पाण्याचा रंग लावला की वाळताना ती बाजू आवळते. मागे साधा कागद चिकटवा, किंवा मागूनही एक हात द्या, सरळ राहतो.

रंगवलेल्या पणत्या

पणती रंगवण्याआधी काही तास पाण्यात बुडवा, म्हणजे ती तेल कमी पिते. मग दोन दिवस सावलीत वाळवा. आत ओल राहिली तर रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. रंग फक्त बाहेरून लावायचा. वातीची चोच आणि आतला भाग कोराच ठेवा, तिथला रंग जळतो आणि वास येतो.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापूरभर लगबग असते, तरी बोरन्हाणाची तयारी आधीपासून करावी लागते, कारण हे काम घाईत होत नाही. हलव्याला सुई टोचली की तो फुटतो. दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारत पुढे जायचं. काटेरी हलवा घ्या, त्याच्यावर दोरा सरकत नाही. गोंदाने चिकटवलेले दागिने लहान बाळाला घालू नका, दाणा हमखास तोंडात जातो. त्याच कारणाने मणी आणि टिकल्याही टाळा. तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हलवा ओलसर झाला की चिकट होतो आणि मुंग्या लागतात.