रेव्हिट की स्केचअप? आधी जाहिराती वाचा

आर्किटेक्चरच्या कामासाठी इमारतींची ड्रॉइंग करायचं कोणतं सॉफ्टवेअर शिकू, हे क्लासवाल्याला विचारू नका. तो शिकवतो तेच सांगणार. जिथे काम करायचंय तशा ऑफिसांच्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा. मोठ्या प्रकल्पांवाले बहुधा रेव्हिट मागतात. बंगले-इंटिरियरवाल्यांचं बरेचदा ऑटोकॅड आणि स्केचअपवर भागतं. रेव्हिटमधली भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नव्हेत, ती इमारतीच्या 3D मॉडेलचा भाग असते. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की एलेव्हेशन (समोरून दिसणारी बाजू), सेक्शन (उभा छेद) सगळीकडे ती आपोआप सरकते. मॅकबुक असेल तर जरा थांबा: रेव्हिट विंडोजवरच चालतं, त्याच धर्तीचं आर्चिकॅड मात्र विंडोज आणि मॅक दोन्हींवर. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ही रेव्हिट बनवणारी कंपनी ते फुकट देते, मग क्रॅक कॉपीच्या फंदात कशाला पडायचं? आणि हो, ऑफिसातलं व्हर्जन विचारून घ्या. रेव्हिट 2025 मध्ये सेव्ह केलेली फाइल 2024 मध्ये उघडतच नाही.