पक्षाघातानंतरचा थकवा आणि उदासी: घरच्यांनी काय करायचं

मी सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझे बहुतेक पेशंट पक्षाघाताचे. घरचे आधी हातापायाचं विचारतील असं वाटतं, पण बऱ्याच घरांत पहिली तक्रार निराळीच असते. "मॅडम, हे मनावरच घेत नाहीत ओ. दिवसभर नुसते पडून असतात. तुम्हीच जरा दम द्या."

मी दम देत नाही. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना झोपूनही न जाणारा थकवा येतो, आणि साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. मेंदूला झालेली इजा हे त्याचं एक कारण, आणि एका दिवसात हातातून गेलेलं आयुष्य हे दुसरं. ज्यांचा झटका सौम्य होता, ज्यांचा हात-पाय पुरता सुधारला, त्यांनाही हा थकवा राहतो. म्हणून "आता चालताय की, मग काय होतंय?" असं विचारू नका. थकवा आणि मन यांच्याकडे न बघता व्यायाम वाढवत नेला, तर पेशंट आधी चिडतो आणि मग व्यायामच सोडतो.

आधी नीट ओळखा

नुसतं पडून राहणं बाहेरून सारखंच दिसतं, पण त्यामागची कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

थकलेल्या माणसाला करायचं असतं, पण जमत नाही. सकाळी बरा असतो, अंघोळ झाली की संपतो. नातवंडं आली की चेहरा खुलतो, अर्ध्या तासाने डोळे मिटायला लागतात. उदास माणसाचा चेहरा नातवंडं आली तरी खुलत नाही. पूर्वी ज्यात जीव रमायचा, मग ते भजन असो, क्रिकेट असो की संध्याकाळचा कट्टा, त्यातलं काहीच नको वाटतं. पहाटे लवकर जाग येते आणि परत झोप लागत नाही. जेवण अर्ध्यावर सुटतं. "मी तुमच्यावर ओझं झालोय" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. असं दोन आठवडे रोज दिसलं, तर डॉक्टरांना सांगायचं. "होईल हळूहळू" म्हणून थांबायचं नाही.

तिसरा प्रकार घरच्यांना फार घाबरवतो. माणूस चहाचा कप बघून, टीव्हीवरची जाहिरात बघून एकदम हुंदके देऊन रडतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत शांत होतो. कधी नको तिथे हसू फुटतं. विचारलं तर म्हणतो, "मला काही वाईट वाटत नव्हतं, आपोआपच आलं." भावना आवरणाऱ्या मेंदूतल्या जोडण्या दुखावल्याने असं होतं. अशा वेळी सगळ्यांनी भोवती गोळा होऊ नये. पाण्याचा ग्लास हातात द्या, विषय बदला, जवळ बसून राहा. वारंवार होत असेल तर त्यालाही औषध आहे.

आणखी काहीजण ना दुःखी असतात ना थकलेले. आपणहून काही सुरूच करत नाहीत. "चला, उठू या" म्हटलं की उठतात आणि नीट चालतात. त्यांना उपदेशाचा उपयोग नाही. ठरलेल्या वेळी ठरलेली हाक लागते.

उजवी बाजू गेलेल्या पेशंटची बऱ्याचदा वाचाही जाते. तो मनातलं सांगूच शकत नाही, आणि घरचे म्हणतात, "बाकी काही त्रास नाही." तिथे वागणं बघा. तोंड भिंतीकडे करून झोपतो का? घास भरवणारा हात ढकलतो का? आवडता आवाज कानावर पडला तरी मान वळत नाही का? प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असे विचारा, अंगठा वर की खाली एवढंच मागा, आणि उत्तराला वेळ द्या. मधेच वाक्य पुरं करू नका.

थकवा: डॉक्टरांकडे काय विचारायचं, घरी काय मांडायचं

थकव्याला पक्षाघातच कारण, असं गृहीत धरण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी तपासायला सांगा: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, सोडियम, साखर. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. फिटच्या, स्नायू सैल करण्याच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनी सुस्ती येते. वेळ किंवा डोस बदलून ती कमी होऊ शकते, पण ते डॉक्टरांनी करायचं. आपल्या मनाने बीपीची गोळी बंद केली तर दुसरा झटका ओढवू शकतो. आणि रात्री घोरणं कसं आहे ते सांगा. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून घुसमटल्यासारखा परत सुरू होतो, असं असेल तर झोपेची तपासणी लागते. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये हा आजार खूप आढळतो, आणि घरच्यांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळत नाही.

मग दिवस मांडायचा. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक काका माझे पेशंट होते. काकूंची तक्रार अशी की मी अकराला व्यायाम घ्यायला जाते तेव्हा काका झोपलेलेच. मी काकूंना भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: काय केलं, आणि त्यानंतर किती दमले, थोडं की फार. आठवड्याभरात सगळं त्या चौकोनांत उतरलं. सकाळी उठल्यापासून दाढी, अंघोळ, कपडे, नाश्ता, आणि यार्डातून येणारी माणसं, सगळं साडेदहाच्या आत. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना तिसऱ्या बटणाला त्यांचा हात मांडीवर पडायचा. एक बटण लावायलाही दुखावलेल्या मेंदूला सगळं लक्ष एकवटावं लागतं, हे शेजारी बसून बघितल्याशिवाय पटत नाही. माझी वेळ येईपर्यंत त्यांच्याकडे काही शिल्लकच राहत नव्हतं.

आम्ही अंघोळ संध्याकाळी नेली. बटणांच्या जागी वेलक्रो लावून घेतला. दाढी एक दिवसाआड. नाश्त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं, खोलीत टीव्ही नाही, मोबाईल नाही. त्यानंतर व्यायाम, तोही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत.

विश्रांती दमण्याआधी घ्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि पाळायला सगळ्यात अवघड. विहीर तळापर्यंत उपसली की पाणी चढायला रात्र जाते, थोडं राखून मोटर बंद केली की दुपारी पुन्हा उपसता येतं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापुढे नेऊ नका, नाहीतर रात्र जागून जाते.

चांगल्या दिवशी जपून राहा. बरं वाटतंय म्हणून गणपती मंदिर, मग बहिणीकडे, मग कृष्णेचा घाट असं एकाच दिवशी केलं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. चांगल्या आणि वाईट दिवसांचं काम शक्यतो सारखं ठेवा, आणि ते टिकतंय असं दिसलं की दर आठवड्याला थोडंच वाढवा. उलटही खरं आहे: थकवा आहे म्हणून सगळं बंद करून निजवून ठेवलं तर शक्ती उतरते आणि थकवा वाढतो. हालचाल रोज हवीच, फक्त मापात.

भेटायला येणाऱ्यांबद्दल स्पष्ट लिहिते. आपल्याकडे भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. त्यामुळे शहाळी, केळी, भडंगाचे पुडे घेऊन सातजण एकदम येतात. टीव्ही चालू, पोरं खेळतायत, आणि प्रत्येकजण पेशंटला "मला ओळखलं का?" विचारतो. इतक्या आवाजांतून एक आवाज वेगळा काढणं दुखावलेल्या मेंदूला फार कष्टाचं असतं. एका वेळी दोघंजण, पाव तास, दुपारी चारनंतर, असं ठरवा आणि सांगताना माझं नाव पुढे करा: "फिजिओ मॅडमनी सांगितलंय." मला त्याचं काहीच वाटत नाही, आणि वहिनींना वाईटपणा येत नाही.

मन: औषध, बोलणं, काम

नैराश्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं म्हटलं की घरात शांतता पसरते. "ह्यांना वेड लागलंय का?" असं कुणी विचारलंच तर मी सांगते, मेंदूला मार बसलाय, हाताचा इलाज चालू आहे तसा मनाचाही करायचा. सरकारी रुग्णालयातही हा विभाग असतो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते तिथे आठवणीने सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

एक गैरसमज हल्ली मोबाईलवर फिरतो, की फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी घेतली की हात-पाय लवकर चालतात. २०११ साली एका छोट्या अभ्यासातून तशी आशा निर्माण झाली होती. नंतर ब्रिटनमध्ये तीन हजारांवर पेशंटवर मोठा अभ्यास झाला. त्यात हातापायाच्या सुधारणेत फरक दिसला नाही. नैराश्य कमी जणांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. म्हणजे ही गोळी नैराश्यासाठी, डॉक्टरांनी दिली तर. दुकानातून आणून सुरू करायची नाही.

"जगून काय करू", "मला सोडवा आता" असं पेशंट म्हणाला तर उडवून लावू नका, रागावू नका. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागात घरोघरी द्राक्षाच्या फवारणीची औषधं असतात. ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. गोळ्यांचा साठाही आपल्या ताब्यात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीही त्यावर बोलायला हरकत नाही.

औषधाच्या जोडीला काम द्या, आणि ते त्या माणसाचं हवं. अडतवाल्या काकांना मी रबरी चेंडू दाबायला दिला, तर ते चेंडूकडे बघेनात. मग त्यांच्या मुलाने दुकानातून पसाभर हळकुंडं आणली. परातीत ओतून काकांसमोर ठेवली आणि आम्ही म्हणालो, जाड-बारीक वेगळी करा, उजव्या हाताने. पहिल्या दिवशी चारच उचलली गेली. पण त्यातलं एक त्यांनी डाव्या हातात घेतलं, परातीच्या काठावर दाबून मोडलं, आतला रंग बघितला आणि मुलाला म्हणाले, "हे कुठलं रे?" कित्येक दिवसांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न, असं काकू म्हणाल्या. पुढे त्यांनीच रोज दोन्ही हातांच्या कामासाठी जास्त वेळ मागून घेतला.

स्वयंपाक करणाऱ्या आक्कांना भाकरी थापायची घाई असते. आधी बसून पीठ मळू दे. परातीखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ती सरकत नाही, आणि कमजोर हात परातीच्या काठावर धरायला लावा. तापलेल्या तव्याजवळ मात्र एकटं ठेवू नका. त्या हाताला चटका कळत नसेल तर भाजल्याचं उशिरा लक्षात येतं.

बोलताना शेजारच्यांशी तुलना नको. "गल्लीतले अण्णा महिन्यात चालायला लागले" या वाक्याने कुणी उठून चाललेलं मी पाहिलं नाही. प्रत्येकाच्या मेंदूतली इजेची जागा वेगळी. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगा: "काल धरून उभे राहिलात, आज न धरता." एवढं पुरे.

व्यायाम

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानेही सराव केला तर फरक पडतो. खुर्चीतून उठणं-बसणं, पेला उचलून ओठाला लावणं अशा रोजच्या हालचाली पुन्हा पुन्हा करून घ्या. उठवताना कमजोर हात धरून ओढू नका, खांदा निखळतो, आणि दुखऱ्या खांद्यामुळे झोप, मन, व्यायाम तिन्ही बिघडतात. कमजोर बाजूला उभे राहा, कमरेला आधार द्या. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागून बोलता येईना झालं की थांबा.

कबुतराचं रक्त चोळायला कुणी सांगेल. त्याने मेंदूतली इजा भरत नाही. त्यात जाणारे दिवस सरावाचे असतात, आणि गुण आला नाही की पेशंटचं मन आणखी खचतं.

सांभाळणारीकडेही बघा, बहुधा ती बायको किंवा सून असते. आठवड्यातून एक दुपार मुलाने किंवा दिराने घरी बसावं आणि तिला पूर्ण सुटी द्यावी. तिची झोप आणि तिचं बीपीही तपासून घ्या.

नेहमीचा थकवा दिवसभरात हळूहळू चढतो. एकाएकी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर तो थकवा नाही. झोपवून वाट बघू नका, पाणी-गोळी काही तोंडात घालू नका, १०८ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात.