पुण्याहून ईव्हीने धोलावीरा: तयारी उलट्या टोकापासून

कच्छच्या रणातल्या धोलावीराला, तिथलं हडप्पाकालीन शहर बघायला, विजेच्या गाडीने जातोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रेंज किती देते?’ जाऊन-येऊन सव्वादोन हजार किलोमीटरच्या या प्रवासात रेंजचा प्रश्न फार थोड्या रस्त्याला लागू होतो. पुणे, मुंबई, सुरत, बडोदा, अहमदाबाद या पट्ट्यात आता चार्जर शोधावा लागत नाही, निवडावा लागतो. खरी सहल उभी असते ती धोलावीरातल्या एका १५ अँपिअरच्या सॉकेटवर. म्हणून तयारीला बसाल तेव्हा नकाशा पुण्यापासून उघडू नका. धोलावीरा ज्यावर आहे त्या खदिर बेटापासून उघडा आणि उलटे घराकडे या.

मुक्कामाची जागा ठरवताना खोलीचे फोटो नंतर बघा, आधी फोन करा. ‘ईव्ही चार्जिंग आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर एकच येतं, ‘थई जशे’, म्हणजे होऊन जाईल. गुजरातेत हे उत्तर नसतं, तो स्वभाव असतो. त्यात फसवणूक अजिबात नसते, पण त्यावर गाडी चार्ज होत नाही. विचारायचं ते असं: एसीचा किंवा गीझरचा जाड तीन पिनांचा पॉइंट बाहेर आहे का? गाडी त्याच्यापासून किती पावलांवर उभी राहील? रात्री लाइट जाते का, जनरेटर किती वाजता बंद होतो? आणि मग, ‘भाई, त्या सॉकेटचा फोटो व्हॉट्सॅपवर टाका.’ आम्हाला आलेल्या पहिल्या फोटोत मोबाइल चार्जरचं पाच अँपिअरचं सॉकेट होतं, शेजारी डासांचं मशीन. दुसऱ्या जागेच्या मालकाने बोअरच्या मोटारीजवळच्या खोक्याचा फोटो पाठवला. जाड केबल, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. तिथे बुकिंग केलं. भुंग्यात, म्हणजे कच्छी गोल झोपडीत, राहायला छान वाटतं, पण गवताच्या छपराखालच्या वायरिंगवर रात्रभर तीन किलोवॉटचा भार टाकू नये. विजेचे पैसेही आधीच ठरवा, युनिटच्या हिशेबाने. गाडीच्या अ‍ॅपमध्ये किती युनिट आत गेले ते दिसतं, ते सकाळी मालकाला दाखवायचं आणि चार्जिंगमध्ये वाया गेलेले धरून दहा टक्के वर द्यायचे. ‘जे द्यायचं ते द्या’ या वाक्याने दोघांचीही सकाळ अवघडते.

सॉकेट आहे म्हणजे काम झालं असं नाही. ईव्हीचा पोर्टेबल चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. आमचा बसला. संध्याकाळचे साडेचार, बॅटरी २९ टक्के आणि आम्ही सगळे त्या लाल ठिपक्याभोवती उकिडवे. मालकाचा मुलगा काही न बोलता आत गेला, बादली घेऊन आला आणि मोटारीच्या मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. मग दुसरी. पाचेक मिनिटांनी प्लग काढून पुन्हा लावला, दिवा हिरवा. खदिरची जमीन दगडाळ, त्यात कोरडी. खड्ड्यातली ओल उडाली की अर्थिंगही जातं. तेव्हा सामानात इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा छोटा सॉकेट टेस्टर घ्या आणि पोचल्याबरोबर, बॅगा काढायच्या आधी तो लावून बघा. न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडून चार्जरला फसवणारे अडॅप्टर विकत मिळतात. ते घेऊ नका. बिघाड झाला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो आणि पत्र्याला हात लावणारं पहिलं माणूस बहुधा घरातलं लहान मूल असतं.

एक्स्टेन्शन बोर्ड घरातला नेऊ नका. तो इस्त्रीला ठीक आहे. इथे बारा तास सलग तेरा-चौदा अँपिअर ओढले जातात. इलेक्ट्रिशियनकडून चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलचा पंधरा-वीस मीटरचा तुकडा बनवून घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या कंपनीचं पिन-सॉकेट. वापरताना ती केबल पूर्ण उलगडायची. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन मऊ पडतं. अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. चटका बसला तर गाडीत करंट कमी करायची सोय आहे का बघा, आणि १० अँपिअरवर आणा.

आता हिशेब. तो टक्क्यांत करू नका, युनिटांत करा. आमची बॅटरी ४० युनिटांची. हायवेवर ऐंशीच्या आसपास, चार माणसं आणि सामान धरून युनिटला साडेसहा किलोमीटर पडतात. भूजहून खावडामार्गे धोलावीरा सुमारे १४० किलोमीटर. वाटेत काळा डुंगर हा डोंगर केला, आणि करावाच, तर आणखी पन्नास. म्हणजे २९ युनिट खर्च, ११ हातात. परतीला आम्ही त्याच रस्त्याने न येता रापरवरून भचाऊला उतरलो, सुमारे १५० किलोमीटर, २३ युनिट. गावातल्या व्होल्टेजला चार्जर तासाला अडीच युनिट भरतो असं धरा. रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत २५ येतात, पण मध्ये तीन तास लाइट गेली की हिशेब काठावर येतो. चारला लावली तर कितीही लाइट जावो, तुम्ही निवांत. त्यामुळे आमच्या यादीत एक ओळ मोठ्या अक्षरात होती: धोलावीराला चारच्या आत. एकदा प्लग लावला की गाडी हलवायची नाही. उत्खननाची जागा मुक्कामापासून पायी जाण्यासारखी असेल असं बघा. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पाणी अडवून भरलेले ते खडकातले हौद, पायऱ्यांची ती टाकी आणि हडप्पा लिपीतल्या दहा अक्षरांचा फलक सापडलेलं उत्तरेचं दार, हे सगळं नीट बघायला तीन तास लागतात. ते उन्हं कलताना आणि पुन्हा सकाळी, असं दोनदा करा. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आल्यापासून गर्दी वाढली आहे, पण सकाळी सातला तुम्ही आणि साळुंक्याच असता.

युनिटला साडेसहा हा आकडा वेगावर आणि वाऱ्यावर टिकून आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरवर गेलात की रोध दीडपट. खावड्यापुढचा रणातला रस्ता तीसेक किलोमीटर ताणलेल्या दोरीसारखा आहे, दोन्हीकडे पांढरं, आणि पाय आपोआप दाबला जातो. वारा मात्र दिसत नाही. तो बघायची एक युक्ती आहे. कच्छात शिरताना सुरजबारीचा पूल ओलांडला की पवनचक्क्या लागतात. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. तिचं तोंड तुमच्याकडे असेल तर वारा पाठीशी आहे, मजा करा. तिची पाठ दिसत असेल तर वारा समोरून आहे. वेग दहाने उतरवा आणि पुढच्या चार्जरवर पाच टक्के जास्त भरा.

कधी जायचं? डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाचं पाणी रणातून हटायला दिवाळी उलटून जाते, त्याआधी पांढरं मीठ दिसत नाही. मार्चनंतर ऊन. पौर्णिमा आणि नाताळ टाळा, भुजातल्या चार्जरवर रांग लागते.

हायवेचा भाग पटकन सांगतो. तीन-चार चार्जिंग अ‍ॅप घरीच उतरवा, ओटीपी घरीच येऊ द्या आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये पाचशे-पाचशे रुपये टाका. जिथे थांबायचं त्याच्या पंधरा-वीस किलोमीटर पुढचा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवा, कारण अ‍ॅपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात पोत्याखाली झाकलेला असू शकतो. आम्हाला असा एक भेटला. अ‍ॅपवरच्या ताज्या नोंदी वाचा. कालची नोंद असेल तर विश्वास ठेवा, चार महिन्यांपूर्वीची असेल तर नको. ऐंशी टक्क्यांनंतर फास्ट चार्जरचा वेग पडतो, तेव्हा ऐंशीला निघा. त्याला एकच अपवाद, भूज. तिथे शंभर करूनच निघायचं आणि ते रात्री हॉटेलवर सावकाश. हॉटेलवर सोय नसेल तर फास्ट चार्जरला लावून स्मृतिवनात जा. २००१च्या भूकंपावरचं ते संग्रहालय दोन-अडीच तास घेतं, गाडीही तोवर भरते. परतीला खोपोली ते लोणावळा घाट चढायला नेहमीपेक्षा अडीच-तीन युनिट जास्त जातात, ते विसरून पनवेलला चहाशिवाय काही न भरता निघू नका.

गाडीचं म्हणाल तर मोठ्या बॅटरीपेक्षा बारा व्होल्टची छोटी बॅटरी जास्त दगा देते. ती बसली की आत ३८ युनिट असूनही गाडीचं दार नीट उघडत नाही. तीन वर्षांहून जुनी असेल तर निघायच्या आधी तपासून घ्या, नाहीतर सरळ बदला. स्टेपनी आहे का ते डिकीची चटई उचलून खरंच बघा, कित्येक ईव्हींत नुसतं पंक्चरचं किट असतं. कच्छात वेड्या बाभळीचे, तिकडे त्याला गांडो बावळ म्हणतात, काटे टायरला सुईसारखे जातात. हवा भरायचा पंप आणि ट्यूबलेसच्या दोऱ्या हव्यातच, आणि एकदा घराच्या अंगणात वापरून बघा. गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलून किंवा दोरीने ओढून नेऊ देऊ नका. मोटर चाकांना जोडलेली असते. सपाट ट्रकवरच चढवायची. हे फोनवर हिंदीत कसं सांगाल ते आधीच ठरवा, कारण खदिरमध्ये नेटवर्क दोन काड्यांचं असतं.

धोरडोचं पांढरं रण करणार असाल तर परवाना लागतो, प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. तो भिरंडियाऱ्याला काढता येतो आणि तिथला म्हशीच्या दुधाचा गरम मावा खाल्ल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. रस्ता सोडून गाडी मिठावर उतरवू नका. वरून कडक दिसणाऱ्या थराखाली चिखल असतो, आणि ईव्ही पेट्रोलच्या भावंडापेक्षा दोन-तीन क्विंटल जड. चालत गेलात तरी बूट झटकूनच आत बसा. घरी आल्यावर गाडी खालून धुऊन घ्या, मीठ तसंच ठेवू नका.

खावड्याजवळ ३० गिगावॉटचं सौर आणि पवन ऊर्जेचं पार्क उभं राहतंय. त्या वाटेवर डोक्यावरून टॉवरांच्या रांगा जातात आणि तुम्ही खाली हिशेब करत असता की धोलावीरापर्यंत ३१ टक्के पुरतील का. त्या तारांना प्लग लावता येत नाही. भूजच्या पुढे कुठलाही चार्जर आपल्या हिशेबात धरायचा नाही, दिसलाच तर चहाला थांबायचं.

उरलेली यादी किरकोळ आहे. माणशी चार लिटर पाणी, सुट्टे पैसे, रात्री पारा दहाच्या खाली येतो म्हणून स्वेटर, ऑफलाइन नकाशा, टॉर्च. आणि सॉकेट देणाऱ्या घरासाठी पुण्याहून बाकरवडीची दोन पाकिटं. ती हातात ठेवल्यावर ‘आ तो अमारी छे’, म्हणजे ही तर आमचीच, असं ऐकावं लागेल, त्याचीही तयारी ठेवा. वाद घालायचाच असेल तर प्लग लावून झाल्यावर घाला.