बडोद्यात एकट्याने राहायला येताय? घर बघताना या चुका टाळा

माझा जळगावचा भाचा गेल्या हिवाळ्यात नोकरीसाठी बडोद्याला आला. हॉटेलात चार दिवस काढले आणि रविवारी दुपारी एका फ्लॅटमधून मला व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, हे बघ. तळमजला, समोर झाडं, मागे नदी. भाडंही बसतंय." मी म्हटलं, फोन जरा पार्किंगच्या भिंतीकडे फिरव. भिंतीला छातीपर्यंत ताजा पिवळा रंग होता आणि त्याच्या वर जुना, विटलेला. विजेचे मीटर डोक्याच्याही वर नेऊन बसवलेले होते, आणि खाली जुन्या पेट्यांच्या खिळ्यांची भोकं तशीच होती. "टोकन देऊ नकोस, मी येतेय," एवढंच बोलून मी रिक्षा पकडली.

पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते ही भिंत सांगते. बाहेरून आलेल्याला ती वाचता येत नाही, यात त्याचा दोष नाही. मी दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले, त्यामुळे वर्षाकाठी दोन-तीन जण तरी घर शोधायला आमच्याकडे उतरतात. कुणी नाशिकचा, कुणी पुण्याचा, कुणी नात्यातला, कुणी नात्यातल्याच्या ओळखीचा. सगळ्यांच्या चुका जवळपास त्याच. कोरड्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, एकट्याने घर बघायचं आणि संध्याकाळी टोकन देऊन मोकळं व्हायचं.

नदीबद्दल न विचारणं

विश्वामित्री बडोद्याच्या मधून वाहते. उन्हाळ्यात पुलावरून पाहिलीत तर नाला समजाल. पावागडाकडून येणारी ही नदी अरुंद आहे, वळणावळणाची आहे आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुन्हा तेच. गाड्या बुडाल्या, कित्येक सोसायट्यांत दोन-तीन दिवस वीज नव्हती आणि मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

नवख्याला न कळणारी गोष्ट म्हणजे इथे पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं. शहराच्या पूर्वेला सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर आहे. ते भरलं की त्याचं पाणी विश्वामित्रीत येतं, वरच्या भागातल्या पावसाचं पाणीही मागून येतंच. म्हणून आम्ही बडोदेकर पावसाळ्यात आकाशाकडे कमी बघतो आणि एकमेकांना विचारतो, "काळ्या घोड्याला किती फूट झालं?" काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा. त्याच्याजवळच्या पुलाखाली नदीची पातळी मोजतात, त्याबद्दलचा हा प्रश्न.

फतेहगंज, समा, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर ही नावं ऐकून लगेच फुली मारू नका. या भागांत वर्षानुवर्षं सुखाने राहणारे लोक आहेत. एकाच रस्त्यावर एक सोसायटी कोरडी आणि शेजारची कमरेइतक्या पाण्यात, असंही असतं. म्हणून एरियाचं नाव घेऊन विचारू नका, त्या बिल्डिंगबद्दल विचारा. तेही दलालाला किंवा मालकाला नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला किंवा जुना वॉचमन गाठा. "इथे पाणी भरतं का?" या प्रश्नाला "नाही हो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "चोवीसच्या पुरात तुमच्या दुकानात कुठपर्यंत पाणी आलं होतं?" माणूस लगेच हाताने उंची दाखवतो. भाच्याच्या त्या फ्लॅटसमोरच्या इस्त्रीवाल्याने हात स्वतःच्या गळ्याला लावला.

आणखी एक. पार्किंगवर बांधलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर मिळालं की लोक निर्धास्त होतात. घर कोरडं राहतं हे खरं. पण लिफ्ट, पाण्याची मोटर आणि तुमची गाडी खालीच असते. मोटर बुडाली की वरच्या टाकीत आहे तेवढंच पाणी. मोटर उंच ओट्यावर आहे का, ते बघून या.

नकाशावर "चारच किलोमीटर" बघून ठरवणं

स्टेशनच्या पश्चिमेला अलकापुरी, अकोटा, गोत्री, वासणा, भायली. पूर्वेला सयाजीगंज, मग नदी आणि नदीपलीकडे रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, कारेलीबाग, वाघोडिया रोड. गोत्रीहून दांडिया बाजारात जायचं तर रेल्वे ओलांडा आणि नदीही ओलांडा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, जरा जोराची सर आली की भरतं. मग सगळी गर्दी पुलांवर. ऑफिस नदीच्या ज्या काठाला, घर त्याच काठाला, हा आमच्या घरातला साधा नियम आहे. माझे वडील सायकलवरून कामाला जायचे तेव्हापासूनचा.

कंपनीत लागणाऱ्यांचं गणित वेगळं. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, काम असेल तर मांजलपूर, तरसाली बघा. वाघोडियाला असेल तर वाघोडिया रोड किंवा आजवा रोड. नंदेसरी, कोयली या बाजूला असेल तर छाणी, निझामपुरा. (उत्तर-पश्चिमेला रिफायनरी आणि रासायनिक कारखाने आहेत. काही रात्री वारा फिरला की वास येतो. नाक नाजूक असेल तर रात्री नऊनंतर एक चक्कर मारून या.) हालोल-सावलीकडे जाणारे रोज गाडीने जात नाहीत, कंपनीच्या बसने जातात. तेव्हा शोध एरियापासून सुरू करू नका. एचआरला आधी विचारा, बस कुठे थांबते आणि किती वाजता. हालोलची बस पूर्वेकडच्या अमितनगर सर्कलला पहाटे सहाला असेल आणि तुम्ही हौसेने वासण्याला घर घेतलं असेल, तर साडेपाचला रिक्षा शोधत उभे राहाल. भाच्याची बस तिथूनच होती, आणि हे त्याला मी विचारेपर्यंत माहीत नव्हतं.

विद्यार्थ्यांचं तर दरवर्षी ठरलेलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला की फतेहगंजला पीजी. पण विद्यापीठ एका आवारात नाही. आर्ट्स, सायन्स त्या बाजूला आहेत, तर इंजिनिअरिंग नदीपलीकडे कलाभवनात आणि संगीत सूरसागर तलावाजवळ. प्रवेशपत्रावर विद्याशाखा कोणती आणि ती भरते कुठे, ते बघून मगच खोली.

"बेचलरने नथी आपता" ऐकून खोटं बोलणं

"एकट्याला घर देत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकणार. एकट्या मुलाला ऐकवतात, एकट्या मुलीला जरा गोड शब्दांत ऐकवतात. मग दलालच सुचवतो, "सांगा, दोन महिन्यांनी फॅमिली येणार आहे." सांगू नका. दोन महिन्यांनी शेजारच्या बेन रोज विचारू लागतात आणि चौथ्या महिन्यात मालक.

त्यापेक्षा पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाका: एकटा आहे, शिफ्टची नोकरी आहे, आई वर्षातून दोनदा येईल. अंडी-मटण खात असाल तर तेही. बऱ्याच सोसायट्यांत नॉनव्हेज चालत नाही आणि "मी बाहेरच खातो" यावर तिथे कुणी विश्वास ठेवत नाही. चार ठिकाणी नकार येईल. पाचव्या ठिकाणी जो "चालशे" म्हणेल, त्याच्या घरात निदान चोरासारखं राहावं लागणार नाही. रात्री गेट किती वाजता बंद होतं आणि उशिरा आलात तर उघडतं कोण, हेही मुलींनी आणि शिफ्टवाल्यांनी आधीच विचारावं. नवरात्रात नऊ रात्री हा प्रश्न पडत नाही, तेव्हा अख्खं बडोदं जागं असतं. ज्याला पहाटेची पाळी आहे त्याने मात्र गरब्याच्या मैदानाला लागून घर घेऊ नये.

मराठी वस्तीतच हवं, असा हट्ट

आईवडिलांचा असतो, पोरांचा कमी. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागात गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं आहेत. मांडवीचं विठ्ठल मंदिर आहे, गणपतीत तर पुण्यात असल्यासारखं वाटतं. पण जुन्या वाड्यातली खोली म्हणजे कधी कधी सामाईक संडास, अंधारा जिना आणि गाडी लावायला जागा नाही. आमच्याच वाड्यात माझा भाऊ स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावतो. आणि या गल्ल्यांतली बरीच मराठी कुटुंबं केव्हाच मांजलपूर, कारेलीबागकडे गेली. ओळखीचं एक घर पंधरा मिनिटांवर असलं की पुरे. ताप आला तर खिचडी आणून देईल इतक्या जवळ, आणि रोज रात्री कुठे होतास असं विचारणार नाही इतक्या लांब.

टिफिन ठरवताना एक गंमत. "भाकरी मिळेल" असं सांगितलं तर खूश होऊ नका. इथली भाखरी गव्हाची, जाड आणि खुसखुशीत असते, ज्वारीची नाही. डाळीत गूळ असणारच. महिन्याचे पैसे देण्याआधी तीन दिवस चाखून बघा.

पाणी, वीज, गॅस

पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, तेव्हा त्या वेळी घरी जा आणि नळ सोडून बघा. भायली, सेवासी, बिल हे भाग २०२० मध्ये पालिकेत आले. तिथल्या नव्या इमारती दिसायला देखण्या असतात, पण काही ठिकाणी सगळा भार बोअरवर. बाथरूमच्या नळावर आणि गीझरखाली पांढरी खरपट दिसली की ओळखा, पाणी जड आहे.

विजेचं घरगुती बिल एमजीव्हीसीएल या इथल्या वीज कंपनीकडून दोन महिन्यांनी येतं. त्यामुळे आधीच्या भाडेकरूचं उन्हाळ्यातलं एसीचं बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. किल्ली घ्याल त्याच मिनिटाला मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. पाइपचा गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा. पीजीत सबमीटर असेल तर युनिटमागे किती घेतात, ते ठरवूनच सामान आत न्या.

करार न वाचता सही

करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. यात वावगं काही नाही. पण मुदतीआधी सोडलं तर किती दिवसांची नोटीस, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स कोण भरणार, हे लिहून घ्या. करार गुजरातीत असला तर घाबरू नका. डोक्यावरची रेघ काढली की निम्मी अक्षरं आपलीच आहेत, बाकीची आठवड्यात येतात. तोवर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, ती मालकाने कळवली का ते विचारा आणि पोचपावतीचा फोटो ठेवा. "त्याची काय गरज" म्हणणारा मालक उद्या पत्त्याच्या पुराव्यासाठी सहीही देणार नाही.

आणि चूक आधीच झाली असेल तर

टोकन दिलंय, पण करार झाला नाही? दलालाला फोन करून काय पटलं नाही ते सांगा आणि लगेच तेच मेसेजमध्ये लिहा. सगळे पैसे परत येतीलच असं नाही. पण महिनाभर रेंगाळून मागितले तर नक्कीच येत नाहीत.

राहायला आलात आणि मग कळलं की पाणी भरतं? घाईने हलायची गरज नाही. मे अखेरपर्यंत कागदपत्रं आणि लॅपटॉप वरच्या कपाटात न्या, पलंगाखालची बॅग माळ्यावर टाका. गाडीच्या विम्यात पुराचं नुकसान येतं का ते बघा, इंजिनसाठी वेगळी जोड घ्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या एका घराशी ओळख करून ठेवा. उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, नुसते गच्चीवर गेलात तरी ती आपोआप होते. हातात चिक्की आणि फिरकी देतात आणि नाव मागून विचारतात. पुढच्या करारात एक ओळ घाला, घरात पाणी शिरलं तर नोटिशीशिवाय सोडता येईल. मालक कुरकुरतो, पण पूर बघितलेला मालक बहुधा मान्य करतो.

भाच्याने शेवटी आजवा रोडला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. झाडं नाहीत, खिडकीतून समोरच्या घराच्या गॅलरीतली लोणच्याची बरणी दिसते. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री अकराला त्याचा फोन आला. मला वाटलं, घाबरला. तर विचारतो, "मावशी, काळ्या घोड्याला किती फूट झालं?"